खरेदीखतात न बसलेला मुराळी

मुजावर वकिलांनी प्रॉपर्टी कार्डावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरनं अण्णांकडं बघितलं.

“ही गंगाबाई कोण?”

अण्णा आवटी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक गाढव होतं.

“अण्णा, मी विचारतोय...”

“बहीण. थोरली.”

“हयात आहेत?”

“असंल.”

“असंल म्हणजे?”

“मेली असती तर सांगावा आला असता की.”

मला हसू येत होतं, पण दाबलं. कारण घर माझं जात होतं. म्हणजे, येता येता जात होतं.

मिरजेतलं ते घर माझ्या बापानं भाड्यानं घेतलेलं. तीन खोल्या, वर कौलं, मागं परसात एक कडुलिंब. मालक शिवगोंडा आवटी, म्हणजेच हे अण्णा. ते पलीकडच्या पेठेत बंगला बांधून राहायचे. माझा धंदा मांडव आणि स्पीकरचा. माईक हातात आला की माझी जीभ माझी राहत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. एका पंधरा ऑगस्टला मी गल्लोगल्ली पुकारलं होतं, “झेंडावंदनानंतर अण्णा आवटी यांच्यातर्फे सर्वांना जिलबी.” अण्णांना पत्ताच नव्हता. शाळेच्या पटांगणावर अर्धी मिरज लोटली. अण्णांनी दात खात, पण हसऱ्या चेहऱ्यानं जिलबी वाटली आणि पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. भाडं मात्र तेवढंच ठेवलं.

त्याच अण्णांनी एक दिवस बोलावून सांगितलं, “सर्ज्या, ते घर तूच घे. बाजारात येतील त्याच्या निम्म्यात देतो.”

“निम्म्यात? का हो अण्णा?”

“जिलबीचा सूड. इथनं पुढं घरपट्टी तू भर.”

खरं कारण छातीत होतं. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, पुण्याला. तिथं मुलगा, राजशेखर. राजशेखरनं त्या जागेसाठी बिल्डर कधीच बघून ठेवला होता. अण्णा म्हणाले, “नागपंचमी झाली की मी पुण्याला जाणार. त्याच्या आत कागद करून घे. परत आलो तर बरं. न्हाई आलो, तर राजा तुझं सामान रस्त्यावर ठेवंल. तुझे कर्णे पण.”

मी उड्या मारत मुजावर वकिलांकडं गेलो, आणि तिथं ही गंगाबाई निघाली.

“ऐक सर्जेराव,” वकील म्हणाले, “यात दोन गाठी आहेत. पहिली साधी. सूट अण्णांनी तुला दिलीय, सरकारनं नाही. स्टॅम्प सरकारी दरानंच भरावा लागणार.”

“भरतो. दुसरी?”

“घर अण्णांच्या वडिलांचं. मृत्युपत्र न करता गेले. म्हणून कार्डावर भाऊ आणि बहीण, दोघांची नावं. बाईंची सही नसेल तर अण्णा फक्त आपला निम्मा हिस्सा विकू शकतात.”

“निम्मं घर घेऊन मी काय करू? चूल बाईंकडं आणि मोरी माझ्याकडं?”

“आणि राजशेखरचं म्हणशील, तर बाप आहे तोवर त्याला हक्क नाही. पण तो आत्याकडं जाऊ शकतो. माझ्या हिश्श्याचं घर भाडेकरूला फुकापासरी विकायला निघाले, एवढं आत्या कोर्टात बोलली की झालं. तू म्हातारा होशील तारखा खात.”

अण्णा एकदम उठले. “तिच्या दारात मी जाणार न्हाई,” म्हणाले आणि छत्री तिथंच विसरून निघून गेले.

वकिलांनी सुस्कारा सोडला. “तू जा. हक्कसोडपत्र तयार करून देतो. एक चांगली साडी घेऊन जा. रीतच आहे ती. बहीण हक्क सोडते, भाऊ साडी देतो.”

“भाऊ तर पळाला.”

“मग साडी तू दे.”

गंगाक्का दिलेली कोनवडीला, नदीच्या पलीकडं. मोटरसायकलवर साडी बांधून गेलो. म्हातारी सोप्यात बसून ज्वारी पाखडत होती. अंगानं काडी, पण आवाज असा, की तिला माईकची गरज नव्हती.

“कोण रं तू?”

“मी सर्जेराव पिसे. मिरजेच्या तुमच्या घरात राहतो.”

सूप थांबलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत हाक दिली, “निर्मला, ताक आण. मिरजेचं माणूस आलंय.”

सून ताक घेऊन आली. मी पीत होतो आणि आक्का विचारत होती. लिंब हाय का? हाय. मधल्या खोलीतला कोनाडा? हाय, त्यात आमचा रेडिओ ठेवतो. उंबऱ्याला एका बाजूला टवका गेलाय, तो भरला का? न्हाई, तसाच हाय.

“भरू नको,” ती म्हणाली. “शिवा पडला हुता तिथं. त्याचा पुढचा दात पडला, आणि उंबऱ्याचा टवका.”

वातावरण छान झालंय असं बघून मी साडी आणि कागद पुढं केला. आक्कानं साडीला हात लावला नाही.

“कुणी पाठवलं तुला?”

“वकिलांनी.”

“वकिलांनी!” ती अशी हसली की निर्मला दारात येऊन उभी राहिली. “घर किती स्वस्तात देतोय शिवा तुला?”

लपवून उपयोग नव्हता. “निम्म्यात.”

“भाडेकरूला निम्म्यात. बरं.” सूप पुन्हा हलायला लागलं. “राजाचा फोन आलता. म्हणाला, आत्ती, सही करू नको, मी दुप्पट देतो. त्यालाबी सांगितलं, तुझ्या दुपटीला माझी सही न्हाई. तुझ्या साडीलाबी न्हाई. ऊन चढायच्या आत जा.”

“आक्का, मग पायजे तरी काय तुम्हाला?”

“काय न्हाई. ताक संपव.”

उठताना दाराच्या मागं खुंटीवर एक कापडी पिशवी दिसली. भरलेली, तोंड नाडीनं बांधलेलं. मी आपलं सहज विचारलं, “कुठं गावाला निघालाय का?” आक्कानं सूप आणखी जोरात हलवलं. निर्मलानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. मला काय कळलं नाही. मी माझं घर बुडालं एवढंच समजून परत आलो.

घरी बायकोला, कांताला, सगळं सांगितलं. साडी तिच्यापुढं टाकली. म्हटलं, “तूच नेस आता. भाड्याच्या घरातली शेवटची पंचमी.”

कांता साडीची घडी उलटसुलट करत होती. “पिशवी कसली होती म्हणालात?”

“कापडी. खुंटीला.”

“भरलेली?”

“हो. हिशेब काय पिशवीचा? मी सांगतोय, सही...”

“अहो येड्या माणसा,” कांता म्हणाली, “पंचमी कधी आहे?”

“परवा.”

“मग? बाईमाणूस पंचमीच्या तोंडावर पिशवी भरून का ठेवतं? माझा भाऊ यायचा असला की मी काय करते?”

मी तोंड उघडं टाकून बसलो. मुराळी! आमच्याकडं सासरच्या लेकीला पंचमीला माहेरी न्यायला जो माणूस जातो, तो मुराळी. भाऊ जातो, नाहीतर भाऊ ज्याला पाठवतो तो जातो. मुराळी आल्याशिवाय लेक आपली आपण माहेरी जात नाही, मग ती अठरा वर्षांची असो नाहीतर ऐंशीची.

“आणि तुम्ही काय सांगितलंत?” कांता म्हणाली. “वकिलांनी पाठवलं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो धुतला. लग्नाच्या वरातीतली झुंबरं लावली, झेंडूच्या माळा लावल्या, टपावर दोन मोठे कर्णे चढवले. अण्णांना विचारायला गेलो नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला खोटं बोलावं लागलं असतं. न विचारता बोललेलं खोटं जरा हलकं असतं.

कोनवडीच्या वेशीवर माईक सुरू केला.

“हॅलो, हॅलो! कोनवडीच्या ग्रामस्थांना कळवण्यात आनंद होतो, की मिरजेचे शिवगोंडा आवटी यांनी आपल्या आदरणीय भगिनी गंगाक्का यांना पंचमीला नेण्यासाठी मुराळी पाठवलेला आहे! मुराळी गाडी घेऊन आलेला आहे! रस्त्यातल्या म्हशी बाजूला घ्या!”

पोरं मागं लागली. बाया दारात आल्या. एक म्हातारा पारावरनं उठून म्हणाला, “गंगाबाईला? मुराळी? खरं?” आणि काठी टेकत तोही टेम्पोमागं चालायला लागला. आक्काच्या घरासमोर पोचेपर्यंत अर्धं गाव माझ्या मागं होतं.

आक्का दारात आली. तोंड लाल.

“बंद कर ते बोंबलणं!”

“आधी गाडीत बसा, मग बंद करतो,” मी माईकवरनंच म्हटलं.

“शिवानं पाठवलं तुला?”

“होय!” सगळ्या गावाला ऐकू गेलं.

ती टेम्पोच्या खिडकीशी आली आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली, “खोटारड्या. शिवा जल्मात ‘आदरणीय भगिनी’ म्हणायचा न्हाई.”

मी माईक बंद केला. मागं सगळं गाव उभं. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं, माळांकडं बघितलं, कर्ण्यांकडं बघितलं.

“निर्मला,” ती म्हणाली, “पिशवी दे.” मग दार उघडून माझ्या शेजारी चढून बसली. “चल. खोटा का हुईना, मुराळी तर आला.”

निर्मला खिडकीपाशी येऊन मला म्हणाली, “वाटेत केळं तरी द्या त्यांना. सकाळपासनं पोटात काही नाही. भावाचा उपवास आहे आज.” पंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात, तो. मी आक्काकडं बघितलं. आक्का समोरच्या काचेतनं रस्ता बघत होती.

कांतानं तोवर लिंबाला दोर बांधून पाट अडकवून ठेवला होता. मी आक्काला घरात सोडलं आणि अण्णांच्या बंगल्यावर गेलो. म्हटलं, “अण्णा, चला लवकर. लिंबाची फांदी कौलांवर आलीय, मुजावर वकील म्हणतायत मालकानं बघितल्याशिवाय तोडायची नाही.”

“आता मालक तूच की.”

“अजून नाही. कागद अडकलाय. चला.”

अण्णा बडबडत आले. परसात आले आणि थांबले. पाटावर आक्का बसली होती. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतलेला. कांता हळू झोका देत होती.

“फांदी कुठं हाय?” अण्णा म्हणाले.

“ती काय, फांदीवरच बसलीय,” मी म्हटलं.

“तू गप.” मग आक्काकडं न बघता, “कधी आलीस?”

“आत्ता. तुझा मुराळी घेऊन आला.”

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जिलबी परवडली.

“मी कुणाला पाठवलं न्हाई.”

“ठाऊक हाय. आई गेली तवापास्नं पाठवला न्हाईस. आज कुठला पाठवतोस.”

“तू वाटणी मागितलीस! आईच्या तेराव्याला!”

“मी मागितली? माझ्या तोंडानं?” आक्कानं पाय टेकवून झोका थांबवला. “आमच्या मालकानी मागितली. मी आत चुलीपुढं होते. तू त्यांना म्हणालास, सही करून द्या, एक साडी देतो आणि माहेर संपलं म्हणून समजा. मला ते सगळं आत ऐकू आलं.”

“मग सांगायचं न्हाई? ते गेले, त्यालाबी वर्षं झाली. सही करून टाकायची, भांडण मिटलं असतं.”

“सही केली असती तर तू आला असतास?”

अण्णा चपलेनं माती उकरायला लागले.

“खुळा रं खुळा,” आक्का म्हणाली. “एक सही तेवढी माझ्याकडं राहिलती. कधीतरी घर विकशील, कधीतरी वाटण्या करशील, आणि सहीसाठी का हुईना, दारात येशील. म्हणून धरून बसले. तर तू कुणाला पाठवलंस? वकिलाच्या माणसाला. साडी घेऊन.”

कांतानं पदर तोंडाला लावला. मी लिंबाकडं बघत उभा राहिलो. फांदीला खरोखरच काही झालं नव्हतं.

अण्णा पुढं गेले आणि पाटाजवळ दगडावर बसले. म्हणाले, “उपवास हाय व्हय गं आज?”

“हाय.”

“अजून धरतेस?”

“मग तू जिता हायस ते कशावर? डाक्टरच्या गोळ्यांवर?”

अण्णा हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. आक्का पाटावरनं उतरून त्यांची पाठ चोळायला लागली. पिशवीत तंबिटाचे लाडू होते. दरवर्षी करायची, आणि पंचमी झाली की पोराबाळांना वाटून टाकायची, हे तिनंच मागनं कांताला सांगितलं. त्या वर्षीचे ठरल्या माणसाच्या पोटात गेले.

माझं घर झालं असं मला वाटलं. पण आक्का आवट्यांची लेक होती. पंचमीच्या संध्याकाळी मुजावर वकील पुरणाची दिंडं खायला आले, तेव्हा ती म्हणाली, “हक्क सोडणार न्हाई. विकणार. माझं निम्मं मी विकणार, पैसे घेणार.”

“बरोबर आहे,” वकील म्हणाले. “दोघं विकणार असं लिहितो. किंमत ठरलेलीच.”

“शिवाची ठरलीय. त्यानं सूट दिली ती त्याच्या मर्जीनं. माझ्या निम्म्यातली सूट ह्याला फुकट न्हाई मिळायची.”

मी हात जोडले. “आक्का, माझ्याकडं जेवढे...”

“पैसे कोण मागतंय? ह्या घरातनं दरसाल पंचमीला माझ्याकडं मुराळी आला पायजे. मी जगंन तोवर. शिवा असो, नसो. मी घर विकलं, माहेर न्हाई विकलं. हे त्यात लिवा.”

वकिलांनी दिंड खाली ठेवलं. “आक्का, अशी अट खरेदीखतात बसत नाही. उद्या हा आलाच नाही तर कोर्ट काय करणार? मुराळी जप्त करणार?”

“बसत न्हाई तर बसवू नका. पर ह्याच्या तोंडानं ऐकायचंय मला. कर्ण्याशिवाय.”

मी कर्ण्याशिवाय सांगितलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो. गर्दी, फोटो, अंगठे, सगळं झालं. रजिस्ट्रार साहेबांनी मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, “विकणारे, वाचून दाखवलंय? समजलंय?”

“समजलंय.”

“पूर्ण मोबदला मिळाला?”

“मिळाला,” अण्णा म्हणाले.

“बाई, तुम्हाला?”

“न्हाई,” आक्का म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. मुजावर वकिलांनी कपाळाला हात लावला. चेक तर तिच्या कमरेच्या पिशवीतच होता.

“पैसे मिळाले की हो आक्का!” मी म्हटलं.

“पैसे मिळाले. मोबदला सगळा न्हाई मिळाला. सायेब विचारतायत तर खोटं कशाला बोलू? उरलेला दरसाल पंचमीला मिळणार हाय.”

“कसला उरलेला?” साहेब वकिलांवर भडकले. “काही बाहेरचा व्यवहार आहे का? मग मी हे घेत नाही. घेऊन जा परत!”

मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. अण्णा दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होते. गाडीची तिकिटं काढलेली.

“आक्का, हो म्हण की!” अण्णा रडकुंडीला आले.

मी आक्काजवळ वाकलो. “आक्का, परवा कोनवडीला कोण आलतं?”

“तू आलतास.”

“गाडी घेऊन?”

“कर्णे घेऊन.”

“मग आवंदाचं, ह्या सालचं देणं फिटलं का न्हाई?”

तिनं विचार केला. “आवंदाचं फिटलं.”

“मग साहेबांना आजच्यापुरतं सांगा. पुढचं मी आणि तुम्ही बघून घेऊ. त्यात सरकार कशाला?”

साहेब आळीपाळीनं आमच्याकडं बघत होते. वकिलांनी पुढं होऊन त्यांच्या कानात चार वाक्यं सांगितली. मुराळी हा शब्द मला ऐकू आला. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनाही कुठंतरी बहीण असणार.

“बाई,” ते म्हणाले, “आजपर्यंतचा पूर्ण मिळाला?”

“आजपर्यंतचा मिळाला.”

“घ्या हो शिक्का,” साहेब कारकुनाला म्हणाले.

अण्णा ऑपरेशनमधनं परत आले. पुढच्या पंचमीला टेम्पोत माझ्या शेजारी ते होते आणि माईक त्यांच्या हातात होता. “हॅलो” म्हणण्यापलीकडं त्यांना काही सुचलं नाही, पण सगळ्या कोनवडीला ते पुरलं. राजशेखरनं एक नोटीस पाठवली, आजाऱ्याला फसवून स्वस्तात घर लाटलं म्हणून. आक्कानं त्याला फोन करून काय सांगितलं ते ती कधी बोलली नाही. नोटिशीचं पुढं काही झालं नाही.

मग अण्णा गेले. मी जात राहिलो. आक्का नव्वदीला आली, तिला उचलून टेम्पोत ठेवावं लागायचं. झोक्यावर बसवलं की दोर घट्ट धरायची आणि कांताला म्हणायची, “जोरात दे गं, मी काय काचेची न्हाई.” एका हिवाळ्यात तीही गेली.

त्या वर्षी पंचमी जवळ आली. अट संपली होती. जगंन तोवर, असंच आक्का म्हणाली होती, आणि ती अटही कागदावर नव्हती. चतुर्थीच्या सकाळी मी बाहेर येऊन बघतो तर कांता टेम्पोला माळा लावत होती.

“कुठं?” मी म्हटलं.

“कुठं म्हणजे? निर्मलाचा भाऊ करोनात गेला. विसरलात?”

विसरलो नव्हतो. एवढं डोक्यात आलं नव्हतं.

कोनवडीच्या वेशीवर माईक काढला. “हॅलो, हॅलो! मिरजेचा मुराळी आलेला आहे! मुराळी तोच आहे, टेम्पो नवा आहे! म्हशी बाजूला घ्या!”

निर्मला दारात आली. तिचेही केस आता पिकलेत. डोळ्यांना पदर लावला, आणि पदराच्या आडनंच ओरडली,

“बंद करा ते बोंबलणं!”

तिच्या मागं, दाराआड, खुंटीवर पिशवी होती. भरलेली.